विकेंद्रित समाजमाध्यमे

एका कंपनीच्या यंत्रणेवर न चालता, वेगवेगळ्या व्यक्तींनी व संस्थांनी स्वतंत्रपणे चालवलेल्या आणि सामाईक प्रोटोकॉलने (संगणकांनी एकमेकांशी बोलण्याच्या ठरलेल्या नियमांनी) परस्परांशी जोडलेल्या अनेक सर्व्हरांवर जी समाजमाध्यमे चालतात, त्यांना विकेंद्रित समाजमाध्यमे म्हणतात. फेसबुक किंवा एक्स (पूर्वीचे ट्विटर) यांवरील एखादे खाते बंद करायचे झाल्यास कंपनीचा एक निर्णय किंवा तिला बजावलेला एक सरकारी आदेश पुरतो. विकेंद्रित रचनेत असा आदेश कोणावर बजावायचा, हाच पहिला प्रश्न असतो. त्यामुळे सेन्सॉरशिपवरील उपाय म्हणून या माध्यमांचा पुष्कळ प्रचार झाला आहे. प्रत्यक्षात मजकूर काढण्याचा अधिकार येथेही असतोच. तो अनेक लहान हातांत वाटलेला असतो, आणि या माध्यमांचे गुण व दोष बहुतांशी या वाटणीतूनच निघतात.

ही कल्पना ट्विटरच्या पाठोपाठच आली. इव्हान प्रोड्रोमू यांनी २००८ मध्ये आयडेंटिका ही मुक्त सॉफ्टवेअरवर चालणारी ट्विटरसारखी सेवा सुरू केली. २०१० मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातील चार विद्यार्थ्यांनी फेसबुकला पर्याय म्हणून डायस्पोरा हा प्रकल्प जाहीर केला, तेव्हा त्यांनी लोकांकडे दहा हजार डॉलर मागितले होते आणि जमले ते सुमारे दोन लाख. आज या क्षेत्रातील सर्वांत परिचित नाव मॅस्टोडॉनचे आहे. नामशेष झालेल्या हत्तीसदृश प्राण्याचे नाव धारण करणारे हे सॉफ्टवेअर ऑयगेन रोख्को या जर्मनीतील तरुण प्रोग्रामरने ऑक्टोबर २०१६ मध्ये प्रसिद्ध केले. जानेवारी २०१८ मध्ये वेबची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने अ‍ॅक्टिव्हिटीपब या प्रोटोकॉलला मान्यता दिली. तो वापरणारे मॅस्टोडॉन, चित्रफितींसाठीचे पीअरट्यूब, छायाचित्रांसाठीचे पिक्सेलफेड वगैरे सर्व मिळून जे जाळे होते, त्याला फेडिवर्स म्हणतात.

मॅस्टोडॉनवरील खात्याच्या पत्त्यात ई-मेलप्रमाणे दोन भाग असतात: व्यक्तीचे नाव आणि तिच्या सर्व्हरचे नाव. पुण्यातील सदस्याने जर्मनीतील सर्व्हरवरून काही लिहिले, की ती नोंद प्रथम त्याच्या आउटबॉक्समध्ये जाते. नंतर त्याचे फॉलोअर ज्या ज्या सर्व्हरवर असतील, तेथील इनबॉक्सकडे तिची प्रत रवाना होते. नोंदीची नेहमीची मर्यादा ५०० अक्षरांची असते आणि नोंदी काळाच्या क्रमाने दिसतात. मूळ नोंद पुसली, तर इतर सर्व्हरांना ती पुसण्याचा निरोप जातो. तो पाळायचा की नाही, हे त्या त्या सर्व्हरच्या हाती असते. सेन्सॉरशिपच्या दृष्टीने हा बारकावा महत्त्वाचा आहे, आणि आपलेच लिखाण मागे घेऊ पाहणाऱ्याच्या दृष्टीने तो तितकाच अडचणीचा आहे. सदस्याला सर्व्हर बदलता येतो. फॉलोअर त्याच्याबरोबर नव्या खात्यावर येतात, जुन्या नोंदी मात्र जुन्याच जागी राहतात.

भारतात मॅस्टोडॉनचे नाव सर्वतोमुखी झाले ते नोव्हेंबर २०१९ मध्ये. सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांनी आपल्या ट्विटर खात्यावर १९३६ मधील एक प्रसिद्ध छायाचित्र लावले होते. हॅम्बुर्गच्या जहाजबांधणी कारखान्यात नाझी पद्धतीचा सलाम ठोकणाऱ्या गर्दीत एकच माणूस हाताची घडी घालून उभा आहे, असे ते चित्र होय. नाझींना दिलेल्या नकाराचे हे चित्र ट्विटरने द्वेषमूलक ठरवले आणि खाते बंद केले. ते पुन्हा सुरू झाले, पण एका हिंदी कवितेच्या जुन्या रीट्वीटवरून लगेच पुन्हा बंद झाले. हेगडे दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि रागावलेले पुष्कळ वापरकर्ते मॅस्टोडॉनवर गेले. त्यांतील अनेक काही आठवड्यांत परतले, कारण ज्यांच्याशी वाद घालायचा ते सगळे जुन्याच चावडीवर होते. इलॉन मस्क यांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये ट्विटर विकत घेतल्यावर हीच लाट जगभर उसळली. रोख्को यांनी दिलेल्या आकड्यांनुसार मॅस्टोडॉनचे मासिक सक्रिय सदस्य सुमारे ३ लाखांवरून २५ लाखांवर गेले, आणि हा वेगही पुढे टिकला नाही.

केंद्र नसल्याची दुसरी बाजू डायस्पोराने २०१४ मध्येच अनुभवली. ट्विटरने हाकललेले इस्लामिक स्टेटचे प्रचारक तेथे आले, तेव्हा सर्व ठिकाणचा मजकूर एकदम काढण्याची कोणतीही सोय प्रकल्पाच्या चमूकडे नव्हती. त्यांना सर्व्हरचालकांना एकेक करून गाठावे लागले. फेडिवर्समध्ये यावर रूढ झालेला इलाज म्हणजे संबंध तोडणे. अतिउजव्यांचे व्यासपीठ मानले जाणारे गॅब २०१९ मध्ये मॅस्टोडॉनच्या सॉफ्टवेअरवर आले, तेव्हा असंख्य सर्व्हरांनी त्याच्याशी व्यवहार बंद केला. गॅब चालूच राहिले. त्याचा आवाज इतरांच्या अंगणात पोहोचेना, एवढेच. याला काही जण सेन्सॉरशिप म्हणतात. वाळीत टाकणे हा शब्द अधिक नेमका ठरेल, आणि त्या शब्दाला चिकटलेला मनमानीचा धोकाही येथे आहे: एखाद्या चालकाच्या वैयक्तिक भांडणापायी सर्व्हरवरील सर्व निरुपद्रवी सदस्यांचे संबंध रातोरात तुटू शकतात.

सरकारांना मात्र सर्व्हरच्या दारातूनच यावे लागते असे नाही. क्विअर डॉट एएफ या मॅस्टोडॉन सर्व्हरच्या नावातील ‘एएफ’ हे अफगाणिस्तानचे डोमेन, म्हणजे इंटरनेटवरील पत्त्याचा देशदर्शक शेवट, होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये तालिबान राजवटीने सर्व्हरचे हे नाव निलंबित केले आणि सर्व्हरचा पत्ताच गेला. मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने कोलेक्टिव्हा या सर्व्हरच्या एका चालकाच्या घरावर वेगळ्याच प्रकरणात छापा घातला, आणि जप्त सामानात सर्व्हरच्या माहितीची सांकेतिक कुलूप नसलेली प्रत निघाली. मॅस्टोडॉनवरील खासगी संदेशही चालकाला तांत्रिकदृष्ट्या वाचता येतात, हे अनेक सदस्यांना अशा प्रसंगानंतरच कळते. २०२० मध्ये सुरू झालेल्या नॉस्टर या प्रोटोकॉलमध्ये ओळख सर्व्हरशी बांधलेली नसून सदस्याजवळच्या गुप्त सांकेतिक किल्लीशी बांधलेली असते, म्हणून तो अधिक चिवट मानला जातो. तरीही त्यावर चालणारे दामुस हे अ‍ॅप फेब्रुवारी २०२३ मध्ये चीनमधील अ‍ॅप स्टोअरवर येऊन काही दिवसांतच काढले गेले. ब्लूस्काय या ट्विटरसारख्या विकेंद्रित माध्यमाने एप्रिल २०२५ मध्ये तुर्कस्तान सरकारच्या मागणीवरून काही खाती त्या देशापुरती झाकली. तो पडदा अधिकृत अ‍ॅपमध्ये होता आणि त्याच जाळ्यावर चालणाऱ्या काही इतर अ‍ॅपांतून ती खाती दिसत राहिली.

भारतात माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ नुसार मजकूर रोखण्याचे आदेश निघतात आणि ते गोपनीय ठेवण्याची तरतूद २००९ च्या नियमांत आहे. २०२१ च्या नियमांनी ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत भारतीय वापरकर्ते असलेल्या माध्यमांवर अनुपालन अधिकारी नेमण्यासारखी जादा बंधने घातली. फेडिवर्समधील छोटे सर्व्हर या आकड्याच्या जवळपासही जात नाहीत. परंतु तक्रार अधिकाऱ्याचे नाव जाहीर करणे आणि आदेशानंतर ठरावीक मुदतीत मजकूर हटवणे ही साधी बंधने लहानमोठ्या सर्वच मध्यस्थांसाठी, म्हणजे इतरांचा मजकूर वाहणाऱ्या सेवांसाठी, आहेत. मोठ्या कंपनीपाशी त्यासाठी वकिलांचा ताफा असतो. भाड्याच्या यंत्रावर चारशे जणांचा सर्व्हर हौसेने चालवणाऱ्याला नोटीस आली, तर तक्रार अधिकारी, तंत्रज्ञ आणि खर्च सोसणारा तो एकटाच असतो, आणि बहुतेकदा सर्व्हर बंद करणे हाच त्याला सर्वांत स्वस्त मार्ग दिसतो.