टप्प्याची गाडी आणि पाण्याजवळची ठाणी

एसटीचं भाडं टप्प्यावर ठरतं. एक टप्पा सहा किलोमीटरचा. वाटेत प्रवासी चढवत-उतरवत जाणाऱ्या खासगी जीपगाड्यांच्या धंद्यालाही आपण ‘टप्पा वाहतूक’च म्हणतो. घोडे जुंपलेल्या जुन्या प्रवासी गाडीला इंग्रजीत ‘स्टेजकोच’ म्हणत, त्यातला ‘स्टेज’ तो हाच. रंगमंचाशी त्याचं काही देणंघेणं नाही. तिथला टप्पा मात्र घोड्याच्या दमावर मोजला जाई. जनावर थकलं की टप्पा संपला, आणि तिथे ताजी जोडी दाणापाणी खाऊन तयार हवी.

गाडी काय, पैसे मोजले की मिळायची. टप्प्याटप्प्यावर जनावरं बदलायची ठाणी उभारणं हे खरं जिकिरीचं काम. अमेरिकेतल्या बटरफील्ड कंपनीला ते पुरेपूर अनुभवायला मिळालं. 1857 मध्ये जॉन बटरफील्डने सरकारी डाकेचा ठेका घेतला. मिसुरीहून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत आठवड्यातून दोनदा, 25 दिवसांच्या आत डाक पोचवायची. मोबदला वर्षाला 6 लाख डॉलर. सरळ पश्चिमेला जायचं सोडून रस्ता टेक्सास, ॲरिझोनावरून भला मोठा वळसा घेत होता, सुमारे 2,800 मैलांचा. डाकखात्याचे प्रमुख ॲरन ब्राऊन हे दक्षिणेतल्या टेनेसीचे. त्यांनीच हा मार्ग लावून धरला. उत्तरेकडच्या वर्तमानपत्रांनी त्यावर तोंडसुख घेतलं, ते साहजिकच होतं.

तयारीला हाती एकच वर्ष. वाळवंटात ठाणं कुठे बांधायचं हे नकाशापेक्षा झरेच ठरवत. काही ठाण्यांवर फक्त जनावरं बदलायची. थोड्या मोठ्या ठाण्यांवर जेवणही मिळे. गाडी जवळ आली की तिच्यावरचा माणूस बिगूल वाजवी, म्हणजे पोहोचेपर्यंत खेचरं जुंपायला उभी. मुक्काम नाहीच, गाडी रात्रंदिवस चालायची. झोप बसल्या जागी, तीही लागली तर.

ॲरिझोनातल्या ड्रॅगून स्प्रिंग्जचं ठाणं तर पहिली गाडी निघायच्या आधीच रक्तात न्हालं. 8 सप्टेंबर 1858 च्या रात्री बांधकामावरच्या मजुरांनी झोपलेल्या सहकाऱ्यांवर कुऱ्हाडी चालवल्या. तिघे दगावले. सायलस सेंट जॉन नावाचा तरुण हात जवळजवळ तुटलेल्या अवस्थेत, पाण्यावाचून, मदत येईपर्यंत जवळपास चार दिवस तग धरून राहिला. नंतर हात कापावा लागला, पण माणूस वाचला. आणि 16 सप्टेंबरला, ठरल्या दिवशी, पहिली डाक निघाली. 10 ऑक्टोबरला ती सॅन फ्रान्सिस्कोत होती. तिच्यात थेट शेवटापर्यंत गेलेला प्रवासी एकच, न्यूयॉर्कचा बातमीदार वॉटरमन ऑर्म्सबी. या प्रवासाचं बरंचसं चित्र आपल्याला त्याच्याच बातमीपत्रांतून मिळतं.

जेवणाची ख्याती मात्र मार्क ट्वेनने पसरवली. तो 1861 मध्ये उत्तरेकडच्या दुसऱ्या मार्गाने नेवाडाला गेला. चहा म्हणून मिळालेल्या पेयात त्याला फडकं, वाळू आणि जुन्या मांसाची साल सापडली. त्यावरून त्याला एक जुना किस्सा आठवला. टेबलावर फक्त बांगडा आणि मोहरीची चटणी. पाहुणा म्हणतो, मला बांगडा चालत नाही. यजमान म्हणतो, मग मोहरी घ्या की!

झऱ्याजवळ ठाणं म्हणजे दुसऱ्याच्या पाणवठ्यावर ठाणं, ही गोष्ट चित्रपटांत सहसा येत नाही. ॲरिझोनातल्या अपाची खिंडीतही असंच एक ठाणं होतं, आणि तिथला झरा चिरिकाहुआ अपाची या मूळनिवासी जमातीच्या भूमीतला. फेब्रुवारी 1861 मध्ये अमेरिकी लष्करातल्या लेफ्टनंट बॅस्कमने याच ठाण्याजवळ त्यांचा नायक कोचीस याला बोलावलं, एका मुलाच्या अपहरणाचा आळ त्याच्यावर घेतला आणि त्याला अटकेत टाकू पाहिलं. कोचीस तंबू फाडून निसटला. दोन्ही बाजूंनी ओलीस धरले, दोन्ही बाजूंनी मारले. मग उसळलेली लढाई 1872 पर्यंत चालली. कंपनीचं या मार्गावरचं राज्य तर त्याच मार्चमध्ये आटोपलं: यादवी युद्ध तोंडावर होतं, अमेरिकी संसदेने, म्हणजे तिथल्या काँग्रेसने, डाक उत्तरेच्या मार्गावर हलवली. सगळा मिळून अडीच वर्षांचा खेळ. 1869 मध्ये रेल्वे आरपार गेल्यावर लांब पल्ल्याच्या गाड्यांचं महत्त्वही ओसरलं.

एवढ्याशा काळाची एवढी मोठी छाप पडली ती पडद्यामुळे. जॉन फोर्डच्या 1939 च्या ‘स्टेजकोच’ने जॉन वेनला तारा बनवलं आणि मॉन्युमेंट व्हॅलीतले उभे सुळके हीच या गाडीची कायमची पार्श्वभूमी होऊन बसली. प्रत्यक्षात बटरफील्डचा रस्ता तिथून शेकडो किलोमीटर दक्षिणेला. पण ठाण्याचा उपयोग कथाकारांनी बरोबर ओळखला: एक खोली, अनोळखी माणसं, बाहेर अंधार आणि जनावरं बदलेपर्यंत निघायची सोय नाही. आपल्याकडे पावसात अडकलेल्या एसटीच्या प्रवाशांवर कथा रचतात, त्यातलाच हा प्रकार.

कॅलिफोर्नियातलं व्हॅलेसिटोचं ठाणं 1934 मध्ये पुन्हा बांधून काढलं. तिथे पांढऱ्या पोशाखातल्या नवरीचं भूत दिसतं असं सांगतात. 2023 मध्ये या संपूर्ण मार्गाला राष्ट्रीय ऐतिहासिक मार्गाचा दर्जा मिळाला. अपाची खिंडीत आता फोर्ट बोवी या जुन्या लष्करी ठाण्याच्या अवशेषांकडे जाणारी पायवाट आहे. वाटेत गाडीच्या ठाण्याच्या जोत्याचे दगड दिसतात, आणि थोडं पुढे चालत गेलं की तो झरा लागतो. धार बारीक आहे, पण आहे.