वी रिमोट आणि एम्युलेटर : पॉइंटर व हालचालींचे दोषनिवारण

निन्टेन्डो कंपनीच्या ‘वी’ या गेम कन्सोलचा रिमोट संगणकावरच्या एम्युलेटरला (कन्सोलची नक्कल करून त्याचे खेळ चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) जोडल्यावर पडद्यावरचा पॉइंटर किंवा हातवाऱ्यांची नोंद यांत येणारे बिघाड ओळखून दूर करण्याची रीत. वी नोव्हेंबर २००६ मध्ये अमेरिकेत आणि पुढच्याच महिन्यात जपानमध्ये विक्रीला आला. त्याचे खेळ संगणकावर चालवण्यासाठी सर्वांत जास्त वापरला जाणारा एम्युलेटर म्हणजे डॉल्फिन. तो २००३ मध्ये गेमक्यूब या आधीच्या कन्सोलसाठी निघाला, २००८ मध्ये मुक्तस्रोत झाला आणि पुढे वीचे खेळही चालवू लागला. या नोंदीत मुख्यतः वी आणि डॉल्फिन याच जोडीचा विचार केला आहे.

या विषयातला निम्मा गोंधळ एका नावाने घातला आहे. टीव्हीच्या वर किंवा खाली ठेवायच्या लांबट पट्टीला निन्टेन्डोने ‘सेन्सर बार’ म्हटले, पण ती पट्टी काही पाहत नाही आणि कन्सोलला काही कळवतही नाही. तिच्या दोन टोकांना पाच-पाच अवरक्त एलईडी असतात, ते नुसते उजळत राहतात. पाहणारा डोळा असतो रिमोटच्या टोकाशी, काळ्या झाकणामागे. पट्टीची तार कन्सोलला जोडलेली असते ती केवळ विजेसाठी. त्यामुळे ‘संगणकाला सेन्सर बार सापडत नाही’ ही तक्रारच उलट्या बाजूने सुरू होते. सापडण्यासारखे त्या पट्टीत काही नाही. तिला वीज मिळाली म्हणजे झाले. ती वीज कन्सोलकडून, यूएसबीवरून किंवा बॅटरीवरून कुठूनही आली तरी रिमोटला फरक पडत नाही. पट्टीऐवजी वीतभर अंतरावर दोन मेणबत्त्या लावूनही पॉइंटर चालतो, कारण ज्योतीतून अवरक्त किरण भरपूर निघतात.

रिमोटच्या आत

रिमोटमध्ये दोन वेगळी ज्ञानेंद्रिये आहेत आणि बिघाड शोधताना ती वेगळी धरावी लागतात. पहिले इंद्रिय म्हणजे अॅनालॉग डिव्हायसेस कंपनीचा एडीएक्सएल-३३० हा त्वरणमापी. तो तीन अक्षांवरचे त्वरण मोजतो. रिमोट स्थिर असताना त्याला फक्त गुरुत्वाकर्षण जाणवते, त्यावरून रिमोट पुढे-मागे किती झुकला आणि कुशीवर किती वळला ते कळते. मात्र टेबलावर सपाट ठेवलेला रिमोट डावीकडून उजवीकडे फिरवला तर गुरुत्वाकर्षणाची दिशा त्याच्या दृष्टीने बदलत नाही, म्हणून हे वळण त्वरणमापीला कळतच नाही. पडद्यावर डावीकडे-उजवीकडे नेम धरायचा तर दुसरे इंद्रिय हवेच. तो म्हणजे पिक्सआर्ट या तैवानी कंपनीचा अवरक्त कॅमेरा.

हा कॅमेरा चित्र पाठवत नाही. त्याचा मूळ संवेदक १२८ × ९६ बिंदूंचा आहे. चिपमधली प्रक्रिया त्यातून १०२४ × ७६८ इतक्या बारकाईने जास्तीत जास्त चार तेजस्वी ठिपक्यांच्या जागा काढते आणि ब्लूटूथवरून तेवढे आकडे धाडते. दोन ठिपक्यांचा मध्य म्हणजे नेम, त्यांना जोडणाऱ्या रेषेचा कल म्हणजे मनगटाचे वळण आणि दोघांमधले अंतर म्हणजे खेळाडू किती दूर आहे त्याचा अंदाज. ठिपके दिसायला सारखेच, त्यामुळे डावा कोणता आणि उजवा कोणता हे ठरवायला त्वरणमापीची साक्ष घ्यावी लागते. दोन्ही इंद्रिये एकमेकांवर अशी टेकलेली आहेत.

जून २००९ मध्ये आलेल्या मोशनप्लस या जोडयंत्राने यात जायरोस्कोपची, म्हणजे फिरण्याचा वेग मोजणाऱ्या संवेदकाची, भर घातली. २०१० पासून तो रिमोटच्या पोटातच बसवला जाऊ लागला.

पॉइंटर दिसत नाही, उडतो किंवा थरथरतो

पहिली तपासणी प्रकाशाची. अवरक्त किरण डोळ्यांना दिसत नाहीत, पण मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पट्टीच्या टोकांना फिकट जांभळट ठिपके दिसतात. काही फोनच्या मागच्या कॅमेऱ्यावर अवरक्त गाळणी असते. तेव्हा सेल्फीचा कॅमेरा वापरून पाहावा. कॅमेरा चालतो की नाही याची खात्री आधी टीव्हीच्या रिमोटवर करून घ्यावी. कन्सोलला जोडलेली मूळ पट्टी वापरत असाल तर कन्सोल बंद होताच ती विझते. बॅटरीवरच्या काही पट्ट्या ठरावीक वेळाने आपोआप बंद होतात. खेळ रंगात आल्यावरच पॉइंटर गायब होतो, अशा तक्रारीत हे आधी पाहावे.

पट्टी उजळते आहे, तरी पॉइंटर नाही, तर मग अंतराचे गणित. संगणकावर खेळणारे इथेच सर्वांत जास्त अडकतात आणि दोष एम्युलेटरला देत बसतात. कॅमेऱ्याची आडवी नजर सुमारे ३३ अंशांची आहे, म्हणजे जितके अंतर त्याच्या साधारण सहा दशांश रुंदी तिला दिसते. दोन मीटरवर बसले तर सव्वा मीटरच्या आसपास रुंदी दिसते आणि वीस सेंटीमीटरची पट्टी तिच्या मध्यावर आरामात हिंडू शकते. दिवाणखान्यासाठी हे ठीक आहे. पण मॉनिटरसमोर खुर्चीत बसून पन्नास सेंटीमीटरवरून नेम धरला तर दिसते जेमतेम तीस सेंटीमीटर. दोन्ही टोके नजरेत ठेवायची तर हात जागच्या जागी खिळवावा लागेल. जरा हलला की एक टोक चौकटीबाहेर. मग खेळाला एकच ठिपका मिळतो आणि पॉइंटर भलतीकडे उडी मारतो किंवा नाहीसा होतो. निन्टेन्डोने एक ते तीन मीटर अंतर सुचवले होते ते या कारणाने. खुर्ची मागे सरकवणे हा खरा उपाय. ते जमत नसेल तर अवरक्त एलईडींच्या दोन जोड्या एकमेकींच्या जवळ, दहा-बारा सेंटीमीटरवर ठेवाव्यात. फक्त मग खेळाला वाटते की खेळाडू आहे त्याहून लांब बसला आहे.

उलट टोकाला, पाच मीटरवरून दोन्ही ठिपके कॅमेऱ्यात इतके जवळ येतात की हाताचा बारीक कंपही पडद्यावर मोठा दिसतो. पॉइंटर थरथरत असेल तर पुढे सरकून पाहावे, आणि पेन्सिल सेलही पाहून घ्यावेत.

पॉइंटर मधूनच दुसरीकडे उडत असेल तर खोलीत तिसरा ठिपका शोधावा. खिडकीतून येणारे ऊन, हॅलोजन आणि जुने पिवळे बल्ब अवरक्ताने भरलेले असतात. पांढऱ्या एलईडी दिव्यांतून ते जवळजवळ निघत नाही, म्हणून त्यांचा त्रास नसतो. टीव्हीशेजारच्या कोनाड्यात देवघर असेल तर निरांजन किंवा समई हासुद्धा कॅमेऱ्याच्या लेखी सेन्सर बारच! शोकेसची काच, काचेचे टीपॉय, चकचकीत फरशी यांत पट्टीचेच प्रतिबिंब पडते; ते सगळ्यांत फसवे, कारण दिवे मालवले तरी ते जात नाही. वीच्या मेनूमध्ये संवेदनशीलता ठरवण्याचा एक पडदा आहे. त्यात रिमोटला दिसणारे ठिपके जसेच्या तसे दाखवतात. वीचा मेनू डॉल्फिनमध्येही चालवता येतो आणि अंदाज बांधत बसण्यापेक्षा हा पडदा एकदा उघडणे बरे. दोन स्थिर ठिपके दिसले तर प्रकाशाची बाजू निर्दोष. तीन दिसले तर संवेदनशीलता कमी करावी आणि खोली आवरावी.

पॉइंटर नीट चालतो पण सतत वर किंवा खाली राहतो, याचे कारण बहुधा साधे असते: पट्टी पडद्याच्या वर ठेवली आणि डॉल्फिनच्या वी सेटिंगमध्ये ‘खाली’ निवडलेले आहे, किंवा उलट.

जोडणी

रिमोट साधे ब्लूटूथ बोलतो, पण त्याची शिष्टाचाराची रीत विचित्र आहे. जोडणीसाठी तो जो पिन मागतो तो अंकांचा नसून ब्लूटूथ पत्त्याचे बाइट उलट क्रमाने घेऊन बनतो. सेलच्या झाकणाखालचे लाल बटण दाबले असेल तर पत्ता संगणकाचा, १ आणि २ ही बटणे एकत्र दाबली असतील तर रिमोटचा स्वतःचा. कीबोर्डवरून हे बाइट टाइप करता येत नाहीत, म्हणून विंडोजच्या पिनच्या चौकटीशी झगडण्यात अर्थ नाही. आधीची अर्धवट जोडणी विंडोजच्या ब्लूटूथ यादीतून काढून टाकावी, डॉल्फिनमध्ये ‘खरा वी रिमोट’ निवडून सतत शोध चालू करावा आणि मग बटणे दाबावीत. लिनक्समध्ये रिमोटचा ड्रायव्हर कर्नलमध्येच (प्रणालीच्या गाभ्यातच) आहे, २०११ च्या ३.१ आवृत्तीपासून.

रिमोटवरचे चारही निळे दिवे लुकलुकत राहिले तर एम्युलेटरने त्याला अजून खेळाडू म्हणून स्वीकारलेले नाही. एकच दिवा स्थिर राहिला तर तो स्वीकारला गेला. घरात खरा वी असेल आणि रिमोट आधी त्याच्याशी जोडला असेल तर बटण दाबताच तो जुन्या घरी पळतो; कन्सोलचा प्लगच काढून ठेवावा.

सिग्नल अडखळत येत असेल तर यूएसबी ३.० च्या भोकात शेजारी लावलेली हार्ड डिस्क संशयित धरावी. यूएसबी ३.० च्या वायरी २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओ गोंगाट करतात, ही गोष्ट इंटेलने २०१२ मध्ये मांडली होती. ब्लूटूथ अडॅप्टर हातभर एक्स्टेन्शन केबलवर लांब नेला की बऱ्याचदा काम होते.

अडॅप्टर थेट एम्युलेटरच्या हवाली करणे, म्हणजे ‘पासथ्रू’, ही याहून पक्की पद्धत. यात संगणकाची ब्लूटूथ व्यवस्था मधून बाजूला होते आणि एम्युलेटरमधला वी स्वतःच रिमोटशी बोलतो. रिमोटच्या छोट्या स्पीकरचा आवाज यात सर्वांत नीट येतो. विंडोजवर त्यासाठी अडॅप्टरचा ड्रायव्हर बदलावा लागतो आणि मग तो अडॅप्टर हेडफोनच्या कामाचा राहत नाही, तेव्हा वेगळा घेतलेला बरा. मेफ्लॅश कंपनीचा डॉल्फिनबार हा मधला मार्ग: अवरक्त एलईडी आणि ब्लूटूथ एकाच यूएसबी पट्टीत. त्यावर चार मोड आहेत आणि डॉल्फिनसाठी चौथा लागतो. पहिल्या मोडवर रिमोट माउससारखा वागतो, खेळाला मात्र रिमोट दिसतच नाही.

रिमोटशिवाय

माउसने वी खेळताना डॉल्फिनला वेगळीच कसरत करावी लागते. खेळ पॉइंटरची जागा विचारत नाही, तो कॅमेऱ्याचे ठिपके मागतो. म्हणून एम्युलेटर माउसच्या जागेवरून एक काल्पनिक रिमोट उभा करतो, त्याच्यासमोर काल्पनिक पट्टी ठेवतो, तिचे दिवे कॅमेऱ्यात कुठे पडले असते ते काढतो आणि ते आकडे खेळाच्या हाती देतो. प्रत्येक खेळ या ठिपक्यांचा अर्थ आपल्या रीतीने लावतो, त्यामुळे एका खेळात माउसबरोबर तंतोतंत चालणारा पॉइंटर दुसऱ्यात कडांपर्यंत पोचत नाही. आडवा व उभा एकूण कोन आणि उभे विस्थापन ही तीन मूल्ये खेळागणिक जुळवून त्या खेळाच्या नावाने साठवावीत. पॉइंटर अजिबात हलत नसेल तर आधी पाहावे की डॉल्फिनची खिडकी पुढे आहे ना. पार्श्वभूमीतले इनपुट चालू केलेले नसेल तर मागे गेलेल्या खिडकीला काहीही पोचत नाही.

प्लेस्टेशनचा ड्युअलशॉक ४, निन्टेन्डो स्विचचा जॉय-कॉन यांसारख्या नव्या पॅडमध्ये जायरोस्कोप असतो, पण वीसारखा नेम धरणारा कॅमेरा नसतो. तिथे पॉइंटर जायरोच्या फिरण्यावरून हिशेबाने चालवला जातो. जायरो फिरण्याचा वेग मोजतो. त्यातली अगदी बारीक चूकही साठत जाते आणि पॉइंटर हळूहळू एका बाजूला वाहतो. पुढे-मागे झुकण्यातली चूक गुरुत्वाकर्षण दुरुस्त करते, डाव्या-उजव्याची करत नाही. म्हणून पॉइंटर पुन्हा मध्यावर आणणारे एक बटण नेमून ठेवणे अपरिहार्य आहे. पॅड काही सेकंद टेबलावर निश्चल ठेवला तर जायरोचे शून्य पुन्हा बसते. मोशनप्लसवर आधारलेल्या खेळांतही असेच वाहणे दिसते. २०११ चा ‘द लेजंड ऑफ झेल्डा : स्कायवर्ड सोर्ड’ नेमासाठी मुख्यतः जायरोवरच विसंबतो, तेव्हा तिथला सरकलेला पॉइंटर पट्टी पुसून सुधारत नाही.

नन्चकची (रिमोटला तारेने जोडायच्या, दुसऱ्या हातात धरायच्या नियंत्रकाची) काडी न हलवता पात्र चालू लागले तर जोडणीच्या क्षणी काडी कलती होती. ती सोडून द्यावी आणि ए, बी, अधिक व होम ही चार बटणे तीन-चार सेकंद एकत्र दाबावीत.

हे सगळे करूनही रिमोट जोडला जात नसेल, किंवा जोडला जाऊन दर मिनिटाला सुटत असेल, तर तो नकली असण्याची शक्यता बरीच आहे. अशा रिमोटवर शिक्का अस्सलचा असतो आणि खऱ्या कन्सोलवर तो चालतोही, पण आतली चिप ब्लूटूथच्या नियमांची नक्कल अर्धवट करते. कन्सोल खपवून घेतो, संगणक घेत नाही. डॉल्फिनच्या सेटिंगमध्ये यावर इलाज नाही, फार तर पासथ्रू किंवा डॉल्फिनबारवर तोच रिमोट एकदा लावून पाहावा.