जप्त ऑर्किड थेट भट्टीत? नाही हो

ऑर्किडप्रेमींमध्ये एक समज वर्षानुवर्षे फिरतो आहे: अमेरिकेच्या विमानतळावर चोरटी ऑर्किड पकडली, की कस्टमवाले ती सरळ जाळून टाकतात. यात तथ्य आहे, पण अगदी चिमूटभर. रोपांना कीड किंवा रोग असला, तर ती नष्ट केली जाऊ शकतात. बाकीच्यांची गोष्ट निराळी.

सगळं ऑर्किड कुळ 'साइट्स' या, वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या याद्यांमध्ये आहे. आपली सीतेची वेणीसुद्धा. जिवंत रोप जप्त झालं, तर ते जिथून निर्यात झालं त्या देशाशी बोलून ते त्या देशाच्या खर्चाने परत पाठवावं किंवा सांभाळ केंद्रात ठेवावं, असं हा करार सांगतो. खर्चाची अट वाचलीत ना? त्यामुळे परतीचा प्रवास क्वचितच घडतो. अमेरिकेने यासाठी १९७८ मध्ये केंद्रांचं जाळं उभारलं. त्यात वॉशिंग्टनच्या सरकारी वनस्पती उद्यानासह साठाहून अधिक संस्था आहेत. रोपं तिथे वाढतात, अभ्यासाला आणि प्रदर्शनाला येतात, पण विकता येत नाहीत. मालकी सरकारचीच.

"मग जंगलात परत का लावत नाहीत?" कारण रोप नेमकं कुठल्या डोंगरावरून उपटलं, हे तस्कर कशाला सांगेल? शिवाय प्रवासात, गोदामात लागलेला रोग तिथल्या निरोगी झाडांत पसरायचा. आणि पिशवीत दिवसेंदिवस कोंबलेली कितीतरी रोपं केंद्रात पोचूनही जगत नाहीत. त्यांना मारतो तो प्रवास, कस्टमची भट्टी नव्हे.