ड्युअल एन्रोलमेंटचा अर्ज नेमका अडतो कुठे? कॅलिफोर्नियातल्या पालकांसाठी

फॉर्मवर प्रिन्सिपलची सही आहे, आईची आहे, मुलाचीही आहे, तरी अर्ज परत येतो. विचारायला गेलं की कळतं, फॉर्मवर लिहिलेला कोर्स एक आणि मुलाने ऑनलाइन घेतलेला दुसराच. पहिला वर्ग भरला होता म्हणून त्याने शेजारचा घेतला, एवढंच झालेलं असतं. पण कॉलेजच्या लेखी त्या दुसऱ्या वर्गाला शाळेची परवानगीच नाही. मी कॅलिफोर्नियातल्या एका हायस्कूलच्या ऑफिसात बसते. दर सत्राला असे परत आलेले कागद घेऊन मुलं काउंटरवर उभी असतात आणि त्यात मराठी घरांतलीही असतात, म्हणून हे लिहायला घेतलं.

ड्युअल एन्रोलमेंटचा प्रकार साधा आहे. हायस्कूलमध्ये असतानाच मुलाने कम्युनिटी कॉलेजचा कोर्स घ्यायचा आणि त्याचं क्रेडिट दोन्हीकडे मिळवायचं. आपल्या पिढीला याचं फारसं अप्रूप वाटत नाही, कारण दहावी झाली की आपण 'कॉलेजात'च गेलो. पण ते ज्युनिअर कॉलेज होतं, बोर्डाच्या बारावीपर्यंतचं. इथे पंधरा वर्षांच्या मुलाच्या नावाने खऱ्या कॉलेजचं ट्रान्सक्रिप्ट उघडतं आणि ते पुढे कधीही बंद होत नाही.

रस्ते दोन आहेत आणि अर्ध्या चुका आपण कोणत्या रस्त्यावर आहोत हे माहीत नसल्यामुळे होतात. पहिला सीकॅपचा, म्हणजे कॉलेज अँड करिअर ॲक्सेस पाथवेज. २०१५ साली एबी २८८ हा कायदा झाला आणि शिक्षण संहितेत कलम ७६००४ आलं. यात शाळेचा जिल्हा आणि कॉलेजचा जिल्हा (म्हणजे त्या त्या भागातल्या शाळा किंवा कॉलेजं चालवणारी संस्था) यांच्यात रीतसर करार असतो आणि वर्ग बहुतेक वेळा आपल्याच शाळेत, शाळेच्या वेळेत भरतो. दुसरा रस्ता जुना. मूल आपलं आपण कॉलेजात जाऊन 'स्पेशल पार्ट-टाइम' विद्यार्थी म्हणून इतरांबरोबर वर्गात बसतं.

सीकॅपमध्ये कॉलेजची फी लागत नाही. पालकांची संमती आणि प्रिन्सिपलची शिफारसही एकदाच द्यावी लागते. ही सवलत २०१९ च्या एबी ३० ने आली. दुसऱ्या रस्त्यावर मात्र अनेक कॉलेजं दर सत्राला नवा फॉर्म मागतात. तिथे रहिवाशांसाठी युनिटमागे (युनिट म्हणजे कॉलेजच्या क्रेडिटचं माप) ४६ डॉलर ही फी बरीच कॉलेजं माफ करतात, पण पुस्तकं आणि किरकोळ शुल्कं उरतातच. युनिटची मर्यादाही वेगळी आहे. जुन्या रस्त्याने एका सत्रात ११ युनिटपर्यंत. सीकॅपमध्ये १५ पर्यंत जाता येतं, पण चारपेक्षा जास्त कोर्स नाहीत, आणि ते युनिट करारातल्या अशा अभ्यासक्रमाचे हवेत ज्यातून हायस्कूलच्या डिप्लोमाबरोबर असोसिएट डिग्री किंवा प्रमाणपत्र मिळतं. शेजारणीच्या मुलाने पंधरा घेतले म्हणून आपल्यालाही मिळतील, असं नाही.

आता अर्ज. तो सीसीसीअप्लाय या कम्युनिटी कॉलेजांच्या अर्जाच्या साइटवर भरायचा, विनामूल्य असतो, अर्ध्या तासाचं काम आहे. त्यात आपली माणसं अडकतात ती नावावर. आपलं नाव म्हणजे स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव. भारतीय पासपोर्टवर 'गिव्हन नेम' या एकाच रकान्यात मुलीचं आणि वडिलांचं नाव शेजारी शेजारी छापलेलं असतं. शाळेत प्रवेश घेताना कुणी वडिलांचं नाव मिडल नेम म्हणून लिहितं, कुणी फर्स्ट नेममध्येच घालतं, कुणी गाळूनच टाकतं. कॉलेजच्या अर्जात मूल स्वतःच्या सवयीने चौथंच काहीतरी लिहितं. मग शाळेचं ट्रान्सक्रिप्ट आणि कॉलेजचा अर्ज एकाच व्यक्तीचे आहेत हे कॉम्प्युटरला पटत नाही आणि फॉर्म कुठल्याच खात्याला जोडला जात नाही. अर्ज भरण्याआधी शाळेच्या ट्रान्सक्रिप्टची प्रत समोर ठेवा आणि नाव अक्षरन् अक्षर तसंच लिहा. तिथलंच चुकलेलं असेल तर आधी शाळेत दुरुस्त करून घ्या. आणि इमेल शाळेची देऊ नका. बऱ्याच शाळांच्या खात्यात बाहेरची पत्रं पोचत नाहीत, आणि कॉलेजचं उत्तर त्यातच अडकून बसतं.

दुसरी अडचण एच-४ वरच्या मुलांची. फॉर्मवर व्हिसाचा प्रकार भरला की 'रहिवासी नाही' असा शेरा येतो आणि घरात घबराट उडते. बाहेरच्या राज्यातल्यांची फी स्पेशल पार्ट-टाइम मुलांना माफ करता येते हे खरं, पण त्या माफीतून तात्पुरत्या व्हिसावरची मुलं वगळलेली आहेत. म्हणून जुन्या रस्त्याने जाणाऱ्या एच-४ मुलाला माफीवर विसंबून चालत नाही, आपण कॅलिफोर्नियाचे रहिवासी आहोत हे दाखवावं लागतं. ते दाखवता येतं. एच-१बी आणि एच-४ वर असलेल्यांना इथे वास्तव्य सिद्ध करायला बंदी नाही, आणि अल्पवयीन मुलाचं वास्तव्य आईवडिलांवरून ठरतं. सत्र सुरू होण्याआधी पूर्ण वर्षभर पालक इथे राहत असल्याचा आणि इथेच राहण्याचा इरादा असल्याचा पुरावा लागतो: राज्याचं टॅक्स रिटर्न, ड्रायव्हिंग लायसन्स, घराचा करार, जोडीला व्हिसाची मंजुरीपत्रं. पालक मुलाच्या नावाची कागदपत्रं शोधत बसतात. पंधरा वर्षांच्या मुलाच्या नावाने कुठलं लाइट बिल असणार? कागद तुमचे द्यायचे, मुलाचा फक्त तुमच्याशी संबंध दाखवायचा. त्यासाठीचा जन्मदाखला मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर आधीच करून ठेवा.

तारखांबद्दल आता जरा चिडूनच लिहिते, कारण कॉलेजं त्या अशा जागी छापतात की सोळा वर्षांचं मूल तिथे कधी फिरकणार नाही. 'फॉर्म देण्याची शेवटची तारीख' म्हणजे जागा मिळण्याची तारीख नव्हे. जुन्या रस्त्याने येणाऱ्या हायस्कूलच्या मुलांची नोंदणी सहसा सगळ्यांच्या शेवटी उघडते, तोवर संध्याकाळचे आणि ऑनलाइन वर्ग भरलेले असतात. म्हणून फॉर्मवर एकच कोर्स लिहू नका. जागा असेल तर दोन-तीन पर्यायांसाठी एकदमच सही घ्या, म्हणजे सुरुवातीला सांगितलेली गत होणार नाही. उन्हाळी सत्राचं तर विचारूच नका. फॉर्म लागतो जूनमध्ये, आणि सही करणारा काउन्सेलर जूनमध्ये सुट्टीवर जातो. एप्रिलमध्येच सही घ्या. जुन्या रस्त्याने उन्हाळ्यात शिकायला पाठवण्यासाठी प्रिन्सिपल एका इयत्तेतल्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त मुलांची शिफारस करू शकत नाहीत, अशी कायद्यात मर्यादाही आहे. उशीर झाला तर 'कोटा संपला' हे उत्तर खोटं असेलच असं नाही.

त्याहून महाग पडते ती कोर्स सोडण्याची तारीख. सत्राचे साधारण २० टक्के दिवस झाले की 'सेन्सस'चा, म्हणजे कॉलेजने वर्गातली मुलं मोजण्याचा, दिवस येतो. त्याच्या आधी कोर्स सोडला तर कुठे काही उमटत नाही. त्यानंतर सोडला की ट्रान्सक्रिप्टवर 'डब्ल्यू' (विथड्रॉअल, कोर्स सोडल्याची खूण) लागतो, आणि ७५ टक्के सत्र उलटल्यावर तीही सोय संपते, मग मिळेल तो ग्रेड. पूर्ण सत्राच्या कोर्सला सेन्ससपर्यंत तीनेक आठवडे मिळतात. आठ आठवड्यांच्या कोर्सला दुसऱ्याच आठवड्यात तो दिवस येऊन ठेपतो. आणि मूल वर्गाला जायचं थांबलं म्हणजे कोर्स सुटला, असं होत नाही. शाळेच्या काउन्सेलरला सांगूनही सुटत नाही, कारण तिला कॉलेजच्या नोंदीला हात लावता येत नाही. मुलाने कॉलेजच्या पोर्टलवर स्वतः जाऊन सोडायचा. असा एक 'एफ' मी गेल्या वर्षी पाहिला. मुलगा हुशार होता, त्याला फक्त वाटलं होतं की शाळेने टाइमटेबल बदललं म्हणजे झालं.

पालकांना हे वेळेत का कळत नाही? कारण कॉलेज त्यांना काही सांगत नाही. फर्पा या संघराज्याच्या कायद्याने कॉलेजात शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या नोंदींवरचा हक्क त्याचा स्वतःचा असतो, मग वय चौदा का असेना. कॉलेजला फोन करून 'माझ्या मुलीचे मार्क सांगा' म्हटलं तर तिकडून गोड नकार येतो. रागावू नका, फोनवरच्या बाईंचा दोष नाही. मूल तुमच्या टॅक्स रिटर्नवर अवलंबित असेल तर कॉलेज माहिती देऊ शकतं, पण 'शकतं' म्हणजे देईलच असं नाही. सोपा उपाय म्हणजे मुलाकडून संमतीचा फॉर्म भरून घ्या, किंवा आठवड्यातून एकदा चहाच्या वेळी त्याच्याबरोबर बसून पोर्टल उघडा. शाळा आणि कॉलेज एकमेकांना माहिती देऊ शकतात, त्याला हा कायदा आड येत नाही.

कोर्स पार पडला, ग्रेड लागला, तरी काम संपत नाही. जुन्या रस्त्याने घेतलेल्या कोर्सचा ग्रेड शाळेत आपोआप येत नाही. कॉलेजकडून अधिकृत ट्रान्सक्रिप्ट मुलाने मागवायचं, ते शाळेच्या रजिस्ट्रारकडे आलं की आम्ही शाळेच्या नोंदीत चढवतो, आणि तिथून वर्षअखेरीला कॅलपॅड्स या राज्याच्या माहितीसंचात जातं. ही साखळी कुठेही तुटली तर राज्याच्या लेखी तो कोर्स झालाच नाही. याचा फटका शाळेलाही बसतो. राज्य शाळांची कामगिरी दाखवतं त्या डॅशबोर्डवरच्या कॉलेज-करिअर निर्देशकात दोन सेमिस्टरचे कॉलेज कोर्स सी-मायनस किंवा वरच्या ग्रेडने पूर्ण केलेलं मूल 'तयार' धरलं जातं, पण धरायला ते नोंदीत तर हवं. बारावीचं मूल सरकार किंवा अर्थशास्त्र कॉलेजातून करत असेल तर शाळेला आधीच सांगा. तो विषय डिप्लोमाला लागतो, आणि कॉलेजचा ग्रेड पदवीदान समारंभाच्या नंतर आला तर शेवटच्या आठवड्यात सगळ्यांचीच धावपळ होते.

एका कॉलेज कोर्सला शाळेचे किती क्रेडिट द्यायचे हे तुमचा जिल्हा ठरवतो, ते लेखी विचारून घ्या. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया मात्र तीन किंवा जास्त सेमिस्टर युनिटचा, तिथे ट्रान्सफर होणारा कोर्स हायस्कूलच्या पूर्ण वर्षाइतका धरते. तिच्या अर्जात प्रत्येक कॉलेजचं नाव आणि प्रत्येक ग्रेड द्यावाच लागतो, नको तो लपवता येत नाही. आणि कितीही युनिट झाले असले तरी हायस्कूल संपण्याआधी घेतलेल्या कोर्समुळे मूल ट्रान्सफर विद्यार्थी, म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून मधल्या वर्षात येणारं, ठरत नाही, ते फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाचं, म्हणूनच अर्ज करतं. ही शंका मला जवळजवळ प्रत्येक वडिलांनी विचारलेली आहे.

'आमच्या शाळेत सीकॅप का नाही?' हा प्रश्नही येतो. करार शाळेच्या आणि कॉलेजच्या जिल्ह्यांच्या बोर्डांनी जाहीर सभेत, लोकांचं म्हणणं ऐकून, मंजूर करावा लागतो. मग त्याची प्रत कम्युनिटी कॉलेजांच्या चॅन्सलर ऑफिसला आणि राज्याच्या शिक्षण खात्याला जाते. एका तासाच्या शिकवण्याचे पैसे शाळा आणि कॉलेज दोघांनी घ्यायचे नाहीत. दर वर्षी किती मुलं, कोणत्या कोर्सला, किती उत्तीर्ण, हा अहवाल द्यायचा. हे सगळं जमतं. घोडं पेंड खातं ते शिक्षकापाशी. शाळेतल्या शिक्षकाला कॉलेजचा वर्ग घ्यायचा तर कॉलेजचीच पात्रता लागते, म्हणजे बहुतेक विषयांत त्या विषयातली मास्टर्स. शिक्षणशास्त्रातली मास्टर्स चालत नाही, आणि हायस्कूलच्या बऱ्याच उत्तम शिक्षकांकडे नेमकी तीच असते. बोर्डाच्या सभेत तीन मिनिटं बोलायला मिळणार असतील तर 'आम्हाला सीकॅप हवं' एवढंच म्हणून खाली बसू नका. आपल्या शाळेत गणितात किंवा इंग्रजीत मास्टर्स असलेलं कोण आहे आणि कॉलेज आपला प्राध्यापक पाठवायला तयार आहे का, हे विचारा. सभेचा अजेंडा ७२ तास आधी लागतो.