बोट लागणे : दोष पोटाचा नव्हे, कानाचा

मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझवर निघालेल्या साताऱ्याकडच्या मंडळींना घरातील वडीलधारे आजही बजावतात की, उपाशी पोटी बसा, म्हणजे बोट लागणार नाही. पसरणी घाटात गाडी लागू नये म्हणून दिला जाणारा हाच सल्ला समुद्रावर नेला गेला असला, तरी तो दोन्हीकडे चुकीचाच आहे.

मळमळीचे मूळ अंतर्कर्णात आहे. तेथील तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि त्यांच्यालगतची सूक्ष्म स्फटिकांची इंद्रिये जहाजाचा प्रत्येक हेलकावा टिपत असतात. मात्र बंद केबिनमध्ये बसलेल्या प्रवाशाच्या डोळ्यांना भिंती स्थिर दिसतात, आणि या परस्परविरोधी संदेशांमुळे मेंदूचा गोंधळ उडून घाम, मळमळ व उलटी सुरू होते. ज्यांच्या दोन्ही कानांतील ही तोल सांभाळणारी यंत्रणा पूर्णपणे निकामी झालेली असते, त्यांना बोट लागत नाही (मग पोट रिकामे असो वा भरलेले), हा याचा सर्वांत बोलका पुरावा होय.

उपाशी राहिल्याने मळमळ उलट वाढू शकते. तेलकट टाळून हलके खावे. जहाजाचे पंखांसारखे स्टॅबिलायझर डावी-उजवीकडचे डोलणे कमी करतात, परंतु पुढचे टोक वर-खाली होणे त्यांना रोखता येत नाही. म्हणून केबिन मधल्या भागात, खालच्या मजल्यावर घ्यावी आणि अस्वस्थ वाटताच डेकवर जाऊन क्षितिजाकडे पाहावे. गोळी मात्र डॉक्टरांना विचारून आधीच घ्यावी, कारण उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही.