ट्रायलचे सगळे नग पास, म्हणजे प्रक्रिया तयार?

‘ट्रायलचे ३० च्या ३० नग पास झाले, आता उत्पादन सुरू करायला हरकत नाही.’ हा समज जुना आहे आणि पटण्यासारखाही. पण हिशेब वेगळं सांगतो.

समजा, प्रक्रिया शंभरात ५ नग खराब काढते. म्हणजे एक नग चांगला निघण्याची शक्यता ०.९५. कॅल्क्युलेटरवर ०.९५ चा ३० वा घात काढून बघा, साधारण ०.२१ येईल. अशा प्रक्रियेचेही ३० नग पाचातून एकदा बिनबोभाट पास होतात.

शिवाय गेज (नग मर्यादेत आहे का ते तपासायचं साधन) फक्त पास-नापास सांगतो, म्हणून मापं लिहून काढावीत. २० मिमीच्या शाफ्टला ±०.०५ मिमी टॉलरन्स (मापात चालणारा फरक) आहे, सरासरी २०.०३ आणि प्रमाण विचलन (मापं सरासरीभोवती किती पसरली आहेत ते) ०.०१ आलं. वरच्या मर्यादेपर्यंत उरले ०.०२. त्याला तीन विचलनांनी, म्हणजे ०.०३ ने भागलं की सीपीके (प्रक्रिया मर्यादेपासून किती सुरक्षित अंतरावर आहे ते सांगणारा आकडा) ०.६७. सहसा किमान १.३३ मागतात. नग मात्र पास झालेले असू शकतात!

आणि ट्रायल घेतली कोणी? बहुतेकदा सर्वांत अनुभवी ऑपरेटरने, नव्या टूलवर, सावकाश. तीच नेहमीच्या वेगाने, नेहमीच्या माणसांकडून, कच्च्या मालाचा दुसरा लॉट लावून आणि टूल झिजेपर्यंत चालवून बघा.