अनुताप

अनुताप : हातून घडलेल्या दुष्कृत्याची मनाला लागलेली टोचणी आणि त्यापोटी ईश्वराच्या न्यायापुढे उभे राहण्याची तयारी. बोलीत याला पश्चात्ताप म्हणतात. धर्मशास्त्रात अनुताप हे प्रायश्चित्ताचे एक अंग आहे.

ऋग्वेदातील वरुणसूक्तांत ही भावना स्पष्ट दिसते. सातव्या मंडलाच्या ८६ व्या सूक्तात वसिष्ठ थेट वरुणालाच विचारतो, की स्तुती करणाऱ्या मित्राला मारावेसे वाटावे असा कोणता अपराध माझ्याकडून घडला? सुरा, क्रोध, फासे, अविचार यांनी आपल्याला ओढून नेले, असे तो सांगतो. ८९ व्या सूक्ताच्या पहिल्या चारही ऋचा ‘दया कर’ या एकाच विनवणीने संपतात. पाप्याला पाशात बांधणारा वरुणच तो पाश सोडवणारा, ही श्रद्धा या सूक्तांचा प्राण आहे.

‘प्रायश्चित्त’ शब्दाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. प्राय म्हणजे तप व चित्त म्हणजे निश्चय, ही फोड परंपरेत अंगिरसाच्या नावावर सांगितली जाते. परंतु जुन्या वैदिक ग्रंथांत ‘प्रायश्चित्ति’ असेही रूप येते आणि तेथे बहुधा यज्ञकर्मातील चूक निस्तरण्याचा विधी अभिप्रेत असतो. त्यामुळे वरील फोड मागाहून बसवलेली असावी, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

प्रायश्चित्ताने पाप खरोखर फिटते काय? गौतमधर्मसूत्रात दोन्ही पक्ष नोंदवले आहेत. (धर्मशास्त्राचे इतिहासकार पां. वा. काणे या ग्रंथाचा काळ इ. स. पू. ६०० ते ४०० मानतात. अलीकडचे काही अभ्यासक तो बराच अलीकडे आणतात.) केलेले कर्म नाश पावत नाही, म्हणून प्रायश्चित्त करू नये, हा एक पक्ष; ते करावे, हा दुसरा आणि सूत्रकाराला मान्य असलेला पक्ष. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापाची कबुली, अनुताप आणि ‘पुन्हा असे करणार नाही’ ही निवृत्ती यांना शुद्धीची साधने म्हटले आहे. काही निबंधकारांच्या (धर्मशास्त्रवचनांचे संकलन व विवेचन करणाऱ्या ग्रंथकारांच्या) मते मात्र अनुतापाने केवळ प्रायश्चित्ताचा अधिकार मिळतो. प्रायश्चित्त म्हणून करायच्या व्रतांपैकी प्राजापत्य कृच्छ्र बारा दिवसांचे : तीन दिवस फक्त सकाळी जेवण, तीन दिवस फक्त रात्री, तीन दिवस न मागता मिळेल तेवढेच आणि शेवटचे तीन दिवस उपवास.

भागवताच्या सहाव्या स्कंधात परीक्षित राजाने प्रायश्चित्ताला हत्तीच्या स्नानाची उपमा दिली आहे. न्हाऊन निघालेला हत्ती पुन्हा अंगावर धूळ उडवतो. मरतेवेळी नारायणाचे नाव उच्चारून तरलेल्या पापी अजामिळाची लगेच येणारी कथा हे त्यावरचे उत्तर होय. गीतेच्या नवव्या अध्यायात अनन्य भक्ती करणाऱ्या दुराचाऱ्यालाही साधू मानावे, असे सांगितले आहे. संतांनी विठ्ठलाला ‘पतितपावन’ म्हणून हाक मारली, ती याच भरवशावर.

इस्लाममध्ये तौबा (पश्चात्तापाने ईश्वराकडे वळणे), तर ज्यू धर्मात योम किप्पूर हा प्रायश्चित्ताचा दिवस क्षमेच्या याच आशेशी निगडित आहे. माणसाने माणसाचा केलेला अपराध मात्र, ज्याचे वाईट केले त्याची समजूत काढल्याखेरीज त्या दिवसानेही फिटत नाही, असे मिश्ना हा ज्यू धर्मनियमांचा प्राचीन संग्रह सांगतो.